बहुमाध्यम प्रक्षेपकाची चित्र-जुळवणी आणि देवनागरी मजकुराची वाचनीयता : ग्रामीण महाविद्यालयीन वर्गखोलीच्या संदर्भात

प्रस्तावना :

एकविसाव्या शतकात अध्यापन प्रक्रियेमध्ये दृक्‌श्राव्य साधनांना अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. खडू-फळ्याच्या जोडीला बहुमाध्यम प्रक्षेपक, म्हणजेच मल्टिमीडिया प्रोजेक्टर, आज ग्रामीण भागातील महाविद्यालयांतही पोहोचला आहे. २०१५ पासून राबविल्या गेलेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात असलेल्या पष्टेपाडा येथील शाळेचे नाव ‘डिजिटल शाळा’ म्हणून राज्यभर झाले. महाविद्यालयांच्या बाबतीत नॅकच्या मूल्यांकनात आयसीटी सुविधा असलेल्या वर्गखोल्यांची संख्या विचारली जाऊ लागल्याने या यंत्राच्या खरेदीला निश्चितच गती मिळाली.

येथे एक बाब लक्षात घेणे क्रमप्राप्त आहे. मूल्यांकनात खोल्यांची आणि यंत्रांची संख्या मोजली जाते. भिंतीवर पडलेला मजकूर शेवटच्या बाकावरून वाचता येतो की नाही, हे कोणत्याही तक्त्यात भरावे लागत नाही. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा यांसारख्या गावात महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांकडे विषयाचे पुस्तक स्वतःच्या मालकीचे असतेच असे नाही. पडद्यावरचे पाहून वहीत उतरवून घेतलेली टिपणे हेच त्यांचे परीक्षेचे मुख्य साधन. पडद्यावर ‘मंद’ असेल आणि मागच्या बाकावरून ‘मद’ दिसत असेल, तर वहीत ‘मद’ उतरते. वाणिज्य शाखेत दशांश चिन्ह दिसले नाही तर ताळेबंदच बदलतो. म्हणून प्रोजेक्टरची जुळवणी ही शिपायाने वर्गाआधी उरकायची किरकोळ तांत्रिक बाब न मानता अध्यापनाचाच एक भाग मानणे आवश्यक ठरते.

ही जुळवणी एका ठरावीक क्रमाने करावी लागते. आधी यंत्राची जागा, मग भिंग, त्यानंतर संगणकाकडून येणारा संकेत आणि सर्वांत शेवटी प्रकाश व रंग. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा झालेला आढळतो, आणि बहुतांश दोषांचे मूळ तेथेच असते. या क्रमामागील कारणे देवनागरी लिपीच्या अंगाने उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पार्श्वभूमी :

भिंतीवर प्रकाशाने चित्र टाकण्याची कल्पना नवी नाही. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याच्या १६५९ मधील टिपणांत जादूच्या दिव्याची, म्हणजे मॅजिक लँटर्नची, आकृती आढळते. महाराष्ट्रात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास या दिव्याचे खेळ सुरू केले आणि त्यांना ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे झपाट्याने बदलून हालचालीचा आभास निर्माण करणारा हा खेळ दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) दोन दशके आधीचा आहे. त्या काळी चित्र सरळ पडावे यासाठी एकच उपाय उपलब्ध होता : दिवा पडद्यासमोर योग्य उंचीवर आणि सरळ ठेवणे. चित्र वाकडे पडल्यास ते आतल्या आत सरळ करून देणारे बटण नव्हते. ही उणीव एका अर्थी उपकारकच होती, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

आजचे वर्गातील प्रोजेक्टर प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशासाठी तीन स्वतंत्र द्रवस्फटिक पट्टिका असतात. हाच एलसीडी प्रोजेक्टर. दुसऱ्या प्रकारात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये विकसित केलेली सूक्ष्म आरशांची चकती वापरलेली असते. त्यास डीएलपी म्हणतात. आपल्याकडे मात्र ‘एलसीडी लावा’ असे म्हटले की दोन्हींपैकी कोणतेही यंत्र सुरू केले जाते. बोलण्यापुरते ते ठीक आहे. धूळगाळणी आणि रंग यांबाबत मात्र हा भेद महत्त्वाचा ठरतो, तो यथास्थळी पाहू.

यंत्राची जागा आणि कीस्टोनचा मोह :

वर्गात सर्वसाधारणपणे असे घडते. प्रोजेक्टर पहिल्या बाकावर ठेवला जातो. चित्र फळ्याच्या खाली येते म्हणून यंत्राच्या पुढच्या पायाखाली एखादे जाडजूड पुस्तक सरकवले जाते. चित्र वर जाते, पण वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद असा समलंब चौकोन तयार होतो. मग मेनूतील कीस्टोन वाढविला जातो किंवा यंत्र स्वतःच तो वाढविते. चित्र आयताकृती होते आणि तासाला सुरुवात होते.

कारण साधे आहे. यंत्र वर कलल्यामुळे चित्राच्या वरच्या भागाकडे जाणाऱ्या प्रकाशाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून तो अधिक पसरतो. कीस्टोन ही सुधारणा भिंगात होत नाही. यंत्र पट्टिकेवरील चित्राची वरची बाजू मुद्दाम आवळून घेते, म्हणजे भिंतीवर पसरल्यानंतर ती खालच्या बाजूएवढी दिसते. यंत्राची पट्टिका १०२४ × ७६८ चित्रबिंदूंची आहे आणि वरची बाजू ८० टक्क्यांपर्यंत आवळली आहे असे मानू. अशा वेळी वरच्या ओळीतील १०२४ बिंदूंची माहिती सुमारे ८२० बिंदूंत कोंबावी लागते. उरलेले सुमारे २०० बिंदू काळे राहतात, म्हणजेच त्यांचा प्रकाशही वाया जातो. पाच बिंदूंचे काम चार बिंदूंनी करायचे म्हटल्यावर प्रत्येकाने शेजाऱ्याचा थोडा भार उचलावा लागतो. परिणामी अक्षरांच्या कडा करड्या होतात. आणि स्लाइडमध्ये सर्वांत वर शीर्षक असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

इंग्रजी मजकुराला हा दोष काही प्रमाणात पचतो. रोमन लिपीत अर्थ वाहणारे बहुतेक भाग अक्षराच्या मुख्य उंचीत सामावलेले असतात. देवनागरीत तसे नाही. शिरोरेषेच्या वर अनुस्वार, मात्रा, रफार आणि वेलांटीचे वळण. अक्षराच्या खाली उकार आणि ऋकार. म्हणजे एका ओळीत तीन मजले आहेत, आणि त्यातील वरचा व खालचा मजला फार बुटका आहे. ‘रग’ आणि ‘रंग’, ‘वश’ आणि ‘वंश’, ‘चेन’ आणि ‘चैन’, ‘सुर’ आणि ‘सूर’, ‘कम’ आणि ‘कर्म’ या जोड्यांतील सर्व फरक त्या बुटक्या मजल्यांवर आहे. ‘शिक्षकाचे’ आणि ‘शिक्षकांचे’ यांत तर एका ठिपक्याने वचन बदलते.

आकड्यांत मांडल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. दोन मीटर रुंदीच्या चित्रात १०२४ बिंदू असल्यास प्रत्येक बिंदू भिंतीवर जवळजवळ दोन मिलिमीटरचा पडतो. निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून सुमारे २.६ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. एक कला कोनाची ही मर्यादा आहे. अक्षराची उंची २४ बिंदू असेल आणि अनुस्वाराचा ठिपका तिच्या सहाव्या हिश्श्याएवढा धरला, तर ठिपक्याला चार बिंदू मिळतात. तो सुमारे आठ मिलिमीटरचा होतो आणि शेवटच्या बाकावरून निःसंशय दिसतो. तेच अक्षर १२ बिंदूंचे केले, म्हणजे एका स्लाइडवर दुप्पट ओळी बसविल्या, की ठिपका दोन बिंदूंवर, म्हणजे चार मिलिमीटरवर येतो. अजूनही तो मर्यादेच्या आत आहे, पण काठावर. आता त्यावर कीस्टोन लावला की वरच्या ओळीतील ठिपक्याच्या रुंदीला दोन बिंदू उरत नाहीत, दीडच्या आसपास उरतात. भिंतीवरील त्याचा आकार फारसा घटत नाही. घटतो तो त्याचा काळेपणा. स्पष्ट काळ्या ठिपक्याच्या जागी करडा डाग उरतो आणि तो शिरोरेषेत मिसळून जातो.

यावरील उपाय यंत्राच्या रचनेतच दिलेला आहे, पण त्याकडे क्वचितच लक्ष जाते. वर्गात वापरल्या जाणाऱ्या बहुसंख्य प्रोजेक्टरांचा प्रकाश सरळ समोर न जाता मुळातच वरच्या दिशेने जातो. यंत्र सपाट ठेवले असता चित्राची खालची कड साधारणपणे भिंगाच्या उंचीवर किंवा तिच्या किंचित वर पडते. म्हणून यंत्र ठेवण्याचे टेबल पडद्याच्या खालच्या कडेएवढे उंच असावे. मग पुस्तकही लागत नाही आणि कीस्टोनही. छताला उलटे टांगलेल्या यंत्राच्या बाबतीत हेच गणित उलटे होते : भिंगाची उंची पडद्याच्या वरच्या कडेच्या आसपास यावी. छत उंच असलेल्या खोल्यांत यंत्र छतालगत बसवून खाली कलविले जाते आणि कायमचा कीस्टोन लावून ठेवला जातो. तेथे लांब दांड्याचा खर्च एकदाच येतो, कीस्टोनचा तोटा मात्र रोजच्या प्रत्येक तासाला होतो. आडव्या दिशेनेही यंत्र पडद्याच्या मध्यरेषेवर असावे. बाजूच्या बाकावरून तिरके चित्र टाकून ते आडव्या कीस्टोनने सरळ करण्याची सोय अलीकडच्या यंत्रांत आहे. तिचा वापर निरुपाय असेल तेव्हाच करावा.

अंतराचे गणित यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या थ्रो गुणोत्तरावरून करता येते. यंत्र ते पडदा हे अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे हे गुणोत्तर. ते १.६ असल्यास दोन मीटर रुंद चित्रासाठी यंत्र ३.२ मीटरवर ठेवावे लागते. झूम फिरवून यात थोडा फरक करता येतो. फळ्यालगत बसविण्याच्या शॉर्ट थ्रो यंत्रांत हे गुणोत्तर एकाहून बरेच कमी असते. त्यामुळे शिक्षकाची सावली पडत नाही, पण भिंतीतील लहानसा उंचसखलपणाही चित्रात उठून दिसतो.

फोकस :

फोकस चित्रावर न करता मजकुरावर करावा, आणि तोही यंत्र तापल्यानंतर. दिवा पेटल्यावर भिंग व त्याची चौकट तापून किंचित प्रसरण पावतात. म्हणून सुरुवातीला केलेला फोकस वीस-पंचवीस मिनिटांनी हललेला आढळतो. चाचणीसाठी अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे असलेली एक ओळ चारही कोपऱ्यांत व मध्यभागी लिहिलेली स्लाइड तयार ठेवावी. मध्यभागी स्पष्ट आणि कोपऱ्यात अस्पष्ट असे चित्र आल्यास यंत्र कललेले आहे असे बहुधा समजावे. अशा वेळी भिंग फिरवत बसण्यापेक्षा पुन्हा जागेकडे वळावे. फोकस करणारी व्यक्ती यंत्राजवळ उभी असते आणि तेथून सर्वच काही स्पष्ट दिसते. म्हणून एकाने भिंग फिरवावे आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याने ओळ वाचून दाखवावी. त्याने ‘वंश’ वाचले की फोकस झाला.

संकेत आणि चित्रबिंदूंचा मेळ :

प्रत्येक प्रोजेक्टरच्या पट्टिकेवरील बिंदूंची संख्या ठरलेली असते. जुन्या यंत्रांत ती ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८, नंतरच्या यंत्रांत १२८० × ८०० किंवा १९२० × १०८० असते. खोक्यावर मात्र अनेकदा ‘अमुकपर्यंत चालते’ असा मोठा आकडा छापलेला असतो. तो यंत्र किती मोठा संकेत स्वीकारते याचा असतो, दाखविते याचा नव्हे. संगणकाने नेमके पट्टिकेएवढेच बिंदू पाठविले, तर प्रत्येक बिंदू जसाच्या तसा भिंतीवर येतो. इतर कोणत्याही आकड्याला यंत्राला चित्र आक्रसावे किंवा ताणावे लागते.

ग्रामीण महाविद्यालयांत वारंवार आढळणारी जोडी म्हणजे १३६६ × ७६८ बिंदूंचा लॅपटॉप आणि १०२४ × ७६८ बिंदूंचा जुना प्रोजेक्टर. १३६६ बिंदू १०२४ मध्ये बसविताना प्रत्येक गोष्ट पाऊणपट होते. लॅपटॉपवरील १२ बिंदूंचे अक्षर भिंतीवर नऊ बिंदूंचे आणि अनुस्वाराचा ठिपका दीड बिंदूचा होतो. त्यात आधीचा कीस्टोन मिळवला की वरच्या ओळीत त्या ठिपक्याच्या रुंदीला जेमतेम सव्वा बिंदू येतो. दोन्ही दोष स्वतंत्रपणे सहन होण्यासारखे असतात. एकत्र आले की अनुस्वार लुप्त होतो. शिक्षकाला मात्र लॅपटॉपच्या पडद्यावर तो ठसठशीत दिसत असतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनालाच दोष दिला जातो!

विंडोज कळ व पी ही कळ एकत्र दाबली असता चित्र दोन्ही पडद्यांवर सारखे दाखवायचे की प्रोजेक्टर स्वतंत्र ठेवायचा, हे निवडता येते. ‘फक्त दुसरा पडदा’ किंवा ‘विस्तारित’ हा पर्याय निवडल्यास प्रोजेक्टरला त्याच्या मूळ बिंदुसंख्येचा संकेत देता येतो; नंतर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा तपासावा. निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए केबलने जोडणी केली असल्यास चित्रात उभे पट्टे किंवा थरथर दिसू शकते. त्यासाठी पडद्यावर भरपूर मजकूर असताना रिमोटवरील ‘ऑटो’ कळ एकदा दाबावी. पडदा कोरा असताना ती दाबल्यास यंत्राला चित्राच्या कडा नेमक्या सापडत नाहीत आणि जुळवणी चुकू शकते. एचडीएमआय केबलमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन बंद करावा.

टंकाचाही उल्लेख येथेच करणे योग्य होईल. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत केलेली सादरीकरणे, तो टंक नसलेल्या वर्गातील संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडतात. हा प्रोजेक्टरचा दोष नव्हे. युनिकोडमध्ये टंकलेखन केल्यास तो टळतो. मात्र युनिकोडमधीलही सर्व टंक सारखे नाहीत. कोकिला या टंकातील अक्षरे त्याच मापाच्या मंगल टंकापेक्षा बरीच लहान दिसतात. म्हणून ‘२४ चा फाँट ठेवला आहे’ एवढ्यावर विसंबून चालत नाही.

प्रकाश आणि खिडकी :

प्रोजेक्टरविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज काळ्या रंगाबाबत आहे. प्रोजेक्टर भिंतीवर काळा रंग टाकू शकत नाही. ज्या ठिकाणी काळे अक्षर असते तेथे तो, अल्पसा गळणारा प्रकाश वगळता, काहीच टाकत नाही. त्यामुळे पडद्यावरील काळे अक्षर त्या खोलीत भिंत जितकी अंधारी असेल तितकेच काळे दिसते. तंबूतला सिनेमा दिवस मावळल्यावरच का लागे, याचे उत्तर यातच आहे. कापडी तंबूत दिवसा अंधार करता येत नव्हता. नारायणगाव परिसरातील जत्रांमध्ये वाढलेल्या मागच्या पिढीला हे सांगावे लागणार नाही.

३००० लुमेनचा प्रोजेक्टर दोन मीटर रुंद व दीड मीटर उंच चित्र टाकत असेल, तर तीन चौरस मीटरवर तो प्रकाश पसरून पांढऱ्या भागावर १००० लक्स प्रदीपन मिळते. खिडक्या-दिव्यांचा मिळून ३०० लक्स उजेड भिंतीवर असल्यास पांढरा भाग १३०० आणि काळा भाग ३००, म्हणजे गुणोत्तर सुमारे ४.३ येते. भिंतीवरील उजेड ५० लक्सवर आणला की तेच गुणोत्तर २१ होते. चित्र ‘मोठे दिसावे’ म्हणून तीन मीटर रुंद केले तर तोच प्रकाश ६.७५ चौरस मीटरवर पसरून ४४४ लक्सवर येतो आणि ३०० लक्सच्या खोलीत गुणोत्तर अवघे अडीच उरते. दृक्‌श्राव्य क्षेत्रासाठीच्या २०११ मधील एका अमेरिकी मानकात निव्वळ पाहण्यासाठी किमान ७, आणि मजकूर वाचून समजून घेण्यासारख्या कामासाठी किमान १५ एवढे गुणोत्तर सुचविले आहे. दुपारी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या असलेल्या आपल्याकडील वर्गखोलीत यांपैकी पहिला आकडाही गाठला जात नाही.

म्हणून अधिक लुमेनचे यंत्र घेण्यापूर्वी पडद्याजवळच्या दोन खिडक्या झाकाव्यात. मराठीत दोहोंनाही पडदाच म्हणतात. खिडकीचा पडदा ओढला की भिंतीवरच्या पडद्याचे निम्मे काम होते. सगळी खोली अंधारी करण्याची गरज नाही, किंबहुना तसे करू नये, कारण विद्यार्थ्यांना वहीत लिहायचे असते. फळ्यावरची ट्यूबलाइट वेगळ्या बटणावर घेऊन ती तेवढी बंद करणे हा वायरमनचा तासाभराचा उद्योग आहे. भिंतीवरच चित्र घ्यायचे असेल तर ती पांढरी व चमक नसलेली असावी. ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर दिव्याचा झगझगीत ठिपका उमटतो आणि नेमके त्या जागेचे अक्षर दिसत नाही.

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि रंग :

वरील सर्व झाल्यावरच मेनू उघडावा. ‘ब्राइटनेस’ या नावावरून ती कळ दिव्याचा प्रकाश वाढवीत असावी असा समज होतो. वास्तविक ती चित्रातील काळ्याची पातळी वर-खाली करते. फिकट चित्र उजळ करण्यासाठी ब्राइटनेस वाढविला की काळे अक्षर करडे होते आणि चित्र आणखी फिकट भासते. ‘कॉन्ट्रास्ट’ पांढऱ्याची पातळी ठरवितो. तो फार वाढविला की पांढऱ्याजवळच्या छटा एकमेकींत मिसळून नाहीशा होतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या दहा-बारा पायऱ्यांची एक पट्टी स्लाइडवर काढून ठेवावी. सर्वांत काळ्या दोन पायऱ्या एकमेकींपासून जेमतेम वेगळ्या दिसतील इतपत ब्राइटनेस, आणि सर्वांत उजळ दोन पायऱ्या वेगळ्या दिसतील इतपत कॉन्ट्रास्ट ठेवावा. खोलीतील उजेड बदलल्यास ही जुळवणीही बदलते, हे लक्षात असावे.

मजकुरासाठी या छटांचे महत्त्व मर्यादित आहे. छायाचित्रांसाठी मात्र ते निर्णायक ठरते. जुन्नर तालुक्यातीलच उदाहरण घ्यावयाचे तर नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेखाचे घेता येईल. राणी नागनिकेशी जोडल्या जाणाऱ्या या लेखाचे छायाचित्र इतिहासाच्या तासाला दाखविताना झिजलेली अक्षरे आणि भोवतालचा दगड यांत करड्याच्या दोन-तीन छटांचाच फरक असतो. प्रोजेक्टर ‘डायनॅमिक’ अवस्थेत असल्यास मधल्या छटा उजळून एकसारख्या होतात. विद्यार्थ्यांना दगड दिसतो, लेख दिसत नाही. खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तयार झालेल्या आकाशाच्या प्रतिमांबाबत याच्या उलट घडते. काळ्याची पातळी फार खाली गेली तर अंधुक स्रोत पार्श्वभूमीत बुडून जातात. अशा वेळी ‘प्रेझेंटेशन’ किंवा ‘एसआरजीबी’ ही अवस्था निवडावी, प्रकाश थोडा कमी झाला तरी चालेल.

डीएलपी यंत्रांच्या अतिउजळ अवस्थेत पांढरा प्रकाश वाढविण्यासाठी रंगचक्राच्या पांढऱ्या खंडाचा वापर होतो. पांढरे चमकते, पिवळा मात्र मोहरीसारखा मळकट आणि लाल काळपट होतो. भूगोलाच्या नकाशात सूची व नकाशा यांचा रंग जुळेनासा झाल्यास हे कारण तपासावे. हिरव्या फळ्यावर चित्र टाकण्याची वेळ आल्यास मेनूतील ‘ब्लॅकबोर्ड’ किंवा भिंतीच्या रंगाचा पर्याय काही अंशी मदत करतो, परंतु फळा जेवढा प्रकाश गिळतो तो परत मिळत नाही.

रंगसंगतीविषयी एक हिशेब येथे उपयुक्त ठरेल. पांढऱ्याच्या एकूण तेजात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालाचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. गडद निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे ही आपल्याकडील सादरीकरणांची आवडती रचना. मघाच्याच १००० लक्सच्या यंत्रावर आणि ३०० लक्सच्या खोलीत लाल अक्षर ५१० आणि निळी पार्श्वभूमी ३७० लक्सवर येते, गुणोत्तर १.४. लॅपटॉपवर आकर्षक दिसणारी ही स्लाइड वर्गात कोणतीही कळ दाबून सुधारता येत नाही. पांढऱ्यावर काळे हीच उजेडाच्या खोलीतील सर्वांत विश्वासार्ह जोडी होय.

देखभाल :

यंत्र नवे असताना केलेली जुळवणी वर्षभराने तशीच राहत नाही. पाऱ्याच्या दिव्याच्या यंत्रांत दिव्याचे आयुष्य अनेक हजार तासांचे सांगितले जाते, परंतु त्या आकड्याचा अर्थ सामान्यतः प्रकाश निम्म्यावर येण्याचा काळ असा असतो. म्हणजे दिवा पेटत असतानाच ३००० लुमेनचे यंत्र १५०० चे झालेले असते आणि वरचे ४.३ हे गुणोत्तर २.७ वर घसरलेले असते. मेनूतील दिव्याचे तास सत्राच्या आरंभी पाहून नोंदवहीत लिहावेत. लेसर वा एलईडी प्रकाशस्रोताची यंत्रे या बाबतीत बरीच टिकाऊ आहेत, तथापि तीही क्रमाने मंदावतात.

खडूची भुकटी हा वर्गातील यंत्राचा खास शत्रू. एलसीडी प्रकारच्या यंत्रांत हवा ओढण्याच्या जागी गाळणी असते. ती तुंबली की यंत्र तापते आणि मध्येच बंद पडते. ती महिन्यातून एकदा काढून मऊ ब्रशने झटकावी. भिंग रुमालाने किंवा पदराने पुसू नये. हवेच्या फुग्याने धूळ उडवावी व गरज वाटल्यास चष्म्याच्या मऊ कापडाने हलकेच टिपावे.

पाऱ्याच्या दिव्याचे यंत्र बंद करताना पंखा थांबेपर्यंत वीज तोडू नये. तास संपला की मुख्य बटण बंद करून यंत्र कपाटात टाकण्याची घाई दिव्याचे आयुष्य कमी करते. वीज अचानक गेल्यावर नेमके हेच होते. म्हणून प्रोजेक्टर यूपीएसवर घेण्यामागील हेतू तास पुढे चालविणे एवढाच नसून पंख्याला दोन-तीन मिनिटे मिळवून देणे हाही असावा. नव्या अनेक यंत्रांत तत्काळ बंद करण्याची सोय असते. ती आपल्या यंत्रात आहे का, हे पुस्तिकेत पाहावे.

एकाच खोलीत दिवसभरात चार-पाच शिक्षक तेच यंत्र वापरतात आणि प्रत्येकजण आपापल्या लॅपटॉपनुसार काहीतरी बदलून जातो. यासाठी टेबलाच्या पायांची जागा फरशीवर रंगाने आणि यंत्राची जागा टेबलावर चिकटपट्टीने आखून ठेवावी. कीस्टोन शून्य, मूळ बिंदुसंख्या, ब्राइटनेस व कॉन्ट्रास्टचे आकडे, निवडलेली रंग-अवस्था आणि झाकावयाच्या खिडक्या एवढा मजकूर एका कागदावर लिहून तो बटणांच्या बोर्डाशेजारी चिकटवावा. अनुस्वारांची चाचणी-स्लाइड वर्गातील संगणकाच्या डेस्कटॉपवरच ठेवावी, म्हणजे हजेरी घेता घेता शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याकडून ती वाचून घेता येते.